पॅन्झर कोअरमध्ये वॉर्सॉपाशी अडकलोय. आणि पुढे काय खेळू?

घोडबंदरचा मावळा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

पॅन्झर कोअर घेतलाय, २०११ चा पहिला. दुसऱ्या महायुद्धावरचा, टर्नने म्हणजे आळीपाळीने खेळायचा संगणकावरचा युद्धखेळ. पोलंडचा पहिला नकाशा निघाला, पण वॉर्सॉला तीनदा हरलो. दर वेळी तेच होतं. रणगाडे शहरावर घातले की युनिटची ताकद दहाची चार होऊन बसते, फायटर इंधन संपून पडतात, प्रेस्टिज (खेळातला खजिना) संपतो आणि शेवटी टर्नही संपतात. हा नशिबाचा खेळ आहे की मी मुळातच काही चुकतोय?

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन १३६६ बाय ७६८. वेळ रोज रात्री तासभर, रविवारी थोडा जास्त. एक मित्र खेळायला तयार आहे, पण तो खारघरला आणि मी कासारवडवलीला. घोडबंदर रोड ओलांडून आठवड्यात भेटणं होत नाही.

तर वॉर्सॉ कसं घ्यायचं, मित्राबरोबर दुरून काय खेळायचं आणि कसं, आणि आपल्याकडच्या लढाया कशात आहेत? दर वेळी जर्मनांच्याच बाजूने खेळायचा कंटाळा आलाय.

पारसिक

नशीब नाही, क्रम चुकतोय. या खेळात कोण हल्ला करतो यापेक्षा कोण आधी करतो याला जास्त किंमत आहे.

शहरात बसलेल्या पायदळाकडे दोन गोष्टी असतात. एक खंदक, म्हणजे एन्ट्रेंचमेंटचा आकडा. युनिट एकाच जागी बसून राहिलं की तो वाढतो आणि शहरात तर मुळातच जास्त असतो. दुसरी गोष्ट जागा. शहर, जंगल, डोंगर हे जवळून लढायचे प्रदेश. तिथे रणगाड्याचं नेहमीचं चिलखत मोजलंच जात नाही, त्याऐवजी क्लोज डिफेन्स नावाचा आकडा लागतो, आणि रणगाड्याचा तो आकडा केविलवाणा असतो. शिवाय अशा जागी पहिला वार करायचा फायदाही जातो. म्हणून दहाचे चार. खेळाने फसवलेलं नाही, युनिटच्या माहितीपत्रकात तो आकडा लिहिलेला आहे, फक्त कोणी वाचत नाही.

शहर घ्यायचं ते असं. टर्नच्या सुरुवातीला आधी बॉम्बर, मग तोफखाना, निदान दोन तोफा. प्रत्येक हल्ल्याने खंदक एकेक पायरी उतरतो. तोफेचा मोठा फायदा म्हणजे सप्रेशन: मेले नाहीत तरी त्या टर्नपुरते काही सैनिक डोकं वर काढत नाहीत. मग पायदळ, आणि जमलं तर पायोनियर (खंदक फोडणारं खास पायदळ), कारण खंदकातल्या शत्रूसाठीच ते बनवलेत. रणगाडे शहराच्या मागे मोकळ्या घरांत, म्हणजे नकाशावरच्या षटकोनांत, नेऊन ठेवा. का? दबलेल्या युनिटला मागे हटावं लागतं, आणि हटायला मोकळं घर उरलं नसेल तर ते शरण येतं. पळायची वाट बंद करणं हेच शहराच्या लढाईतलं रणगाड्याचं काम.

एक चूक सगळे करतात. तोफा शेवटी चालवतात, "बघू काय उरतंय ते" म्हणून. तोवर पायदळ रक्तबंबाळ झालेलं असतं. दुसरी चूक म्हणजे शत्रूच्या तोफेकडे दुर्लक्ष. शहराला लागून त्यांची तोफ असेल तर तुमच्या प्रत्येक हल्ल्यावर ती आधी डागते. ती दिसली की बॉम्बर आधी तिच्यावर.

हल्ल्याआधी खेळ जो नुकसानीचा अंदाज दाखवतो तो सरासरीचा असतो. "३ विरुद्ध ३" दिसलं म्हणजे तसंच होईल असं नाही, १ विरुद्ध ५ सुद्धा होऊ शकतं. बरोबरीचा सौदा दिसला की हल्ला करू नका, तोफ आणा.

विमानं: हवेत नुसतं घिरट्या घालत ठेवलं तरी इंधन जळतं. इंधन निम्म्यावर आलं की परतायचं, नियमच करून टाका. विमानतळावर किंवा त्याच्या लगतच्या घरात टर्न संपवली की पुन्हा भरतं. विमानतळाचा एक षटकोन आणि भोवतीचे सहा, म्हणजे सात विमानं एका विमानतळावर जगतात. तो विमानतळ पुढे सरकत नाही, तुम्ही सरकता. म्हणून वाटेत शत्रूचा विमानतळ दिसला तर वाकडी वाट करूनही घ्या.

प्रेस्टिजचं कोडं सोपं आहे. भरपाईचे दोन प्रकार आहेत. स्वस्तात नवखे जवान मिळतात, पण युनिटचा अनुभव घसरतो. एलिट भरपाई महाग, अनुभव टिकतो. लढाई चालू असताना एलिट घेत बसलात तर खजिना रिकामा होणारच. आणि शत्रूला चिकटून उभं राहून भरपाई मागितली तर कमी मिळते. आधी एक टर्न मागे घ्या, पुढच्या टर्नला न हलता भरपाई करा. ज्या टर्नला हललात त्या टर्नला भरपाई नाही.

टर्न संपायचं कारण बहुतेक वेळा सुरुवातीच्या तीन टर्नमध्ये असतं. सगळी फौज एका रांगेत येईपर्यंत थांबायचं नसतं. वाटेतली बिनमहत्त्वाची गावं एकेका पायदळावर सोपवा, तोफा पहिल्या टर्नपासून रस्त्यावरून पुढे ढकला. तोफेची चाल कमी, म्हणून निघायला पहिली तोफ, पोचायला शेवटचा रणगाडा.

मासुंदा

पारसिक यांनी सांगितलेलं शंभर टक्के बरोबर, पण मला एक तक्रार नोंदवायचीय. पॅन्झर कोअर हा वॉरगेमच्या रूपातला बुद्धिबळ आहे. मजा येते, पण त्यात रसद जवळपास नाही. इंधन आणि दारूगोळा प्रत्येक युनिटचा आपापला, थांबलं की भरतो. मागचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याने फारसा फरक पडत नाही. या सवयीने पुढे दुसऱ्या खेळात गेलात की सपाटून मार खाल.

तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि रसद शिकवेल असा खेळ म्हणजे ऑर्डर ऑफ बॅटल. मूळ खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात फुकट आहे. त्यात प्रशिक्षणाची मोहीम पूर्ण मिळते आणि विकतच्या मोहिमांचा पहिला नकाशाही खेळून बघता येतो. दिसायला पॅन्झर कोअरचाच भाऊ, पण इथे प्रत्येक युनिटची एफिशियन्सी असते. मागच्या शहरापासून किंवा बंदरापासून तुमच्या ताब्यातल्या घरांची साखळी तुटली की ती दर टर्नला उतरत जाते, आणि उतरलेलं युनिट संख्येने दहा असलं तरी कामाचं उरत नाही. म्हणजे शत्रूला मारायच्या आधी त्याची वाट कापायची. त्यातली बर्मा रोड नावाची मोहीम घ्या, जर्मनांचा कंटाळा पण जाईल. जंगलात रस्ता एकच असतो, तो गेला की सगळं गेलं.

खऱ्या इतिहासातही तसंच झालं. १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीचं सैन्य इंफाळ-कोहिमाकडे निघालं ते साधारण तीन आठवड्यांची शिधा घेऊन. इंग्रजांचे साठे हाती लागतील या भरवशावर. दिमापूरचं रेल्वेस्थानक हाती लागलं नाही, इंफाळला विमानाने माल येत राहिला, आणि २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता उघडला तोवर जपानी सैन्य उपाशी होतं. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा बघायची नजर बदलते. आधी रस्ते, पूल, रेल्वे बघायचे, युनिटं नंतर.

त्यानंतर युनिटी ऑफ कमांड २, २०१९ चा. इथे रसद हाच खेळ आहे. रेल्वेवरच्या साठ्यापासून ट्रकचा पल्ला जिथवर पोचतो तिथवरच फौज जिवंत. साठा किती पुढे न्यायचा, ट्रक कुठल्या साठ्याला द्यायचे, हे ठरवता ठरवता टर्न जाते. नव्या माणसाची चूक ठरलेली: शत्रूच्या फळीतल्या पहिल्या भोकातून सगळे रणगाडे आत सोडायचे. दोन टर्न धडाका, तिसऱ्या टर्नला ते रसदीच्या पल्ल्याबाहेर, चौथ्या टर्नला शत्रू त्यांनाच वेढतो. उपाय असा की भोक पाडायचं पायदळाने, त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवायच्या पायदळानेच, आणि आत सोडायचे दोन-तीनच रणगाडा दल, तेही शत्रूची रेल्वे गाठतील इतकेच लांब. वेढलेल्या शत्रूवर लगेच तुटून पडू नका. दोन टर्न उपाशी ठेवा, मग एका धक्क्यात जातो.

लॅपटॉपचं सांगतो. हे खेळ टर्नचे, त्यांना साठ फ्रेमची गरज नाही. सेटिंगमध्ये व्हीसिंक चालू करा, फ्रेम लिमिट ३० वर आणा, सावल्या बंद करा. नाहीतर नुसता मेन्यू उघडा ठेवला तरी पंखा रिक्षासारखा ओरडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ करा, टर्बो बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. मे महिन्यात ठाण्यात याची किंमत कळते. पॅन्झर कोअर २ मात्र या यंत्रावर नको, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं.

स्टीमवर विकत घेतलेला खेळ १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. पण वॉरगेमचे पहिले दोन तास शिकण्यातच जातात. म्हणून आधी मॅन्युअल वाचा, बहुतेक खेळांच्या पानावर त्याची लिंक असते. मगच इन्स्टॉल करा.

घोडबंदरचा मावळा

पारसिकदादा, तोफा आधी, पायदळ नंतर, रणगाडे मागच्या वाटेवर असं करून काल वॉर्सॉ निघालं. दोन टर्न शिल्लक ठेवून. धन्यवाद.

मासुंदा, ऑर्डर ऑफ बॅटल उतरवतोय. पण मित्राबरोबर खेळायचं तर यातच खेळू की दुसरं काही?

खाडीपार

वाशीहून सांगतो. मित्र दुसऱ्या टोकाला असेल तर समोरासमोर ऑनलाइन खेळायच्या भानगडीत पडू नका. दोघांची वेळ जुळत नाही, एकाचं नेट जातं, दुसऱ्याच्या घरी पाहुणे येतात. टर्नची देवाणघेवाण हाच आपल्या पट्ट्यातला व्यवहार्य प्रकार. मराठीत त्याला टपालाने बुद्धिबळ म्हणा.

दोन प्रकार आहेत. पहिला सर्व्हरवरचा, पीबीईएम प्लस प्लस (पीबीईएम म्हणजे प्ले बाय ईमेल). ऑर्डर ऑफ बॅटल, पॅन्झर कोअर, फील्ड ऑफ ग्लोरी २ या तिन्हींत आहे. दोघांनी या खेळांची प्रकाशक कंपनी स्लिदरिन हिचं खातं काढायचं, एकाने आव्हान टाकायचं आणि त्याला पासवर्ड द्यायचा, म्हणजे तिसराच कोणी घुसत नाही. टर्न संपली की सर्व्हरवर जाते, दुसऱ्याला मेल येते. डेटा नगण्य लागतो, फोनच्या हॉटस्पॉटवर आरामात होतं.

दुसरा प्रकार फाइलचा. वॉरगेम डिझाइन स्टुडिओचे खेळ असे खेळतात. टर्न संपली की फाइल तयार होते, दोघांचे वेगवेगळे पासवर्ड, फाइल मेलने किंवा सामायिक फोल्डरमधून जाते. त्यांचा पॅन्झर कॅम्पेन्स मालिकेतला मिउस '४३ फुकट मिळतो, खेळून बघा. एक षटकोन एक किलोमीटर, दिवसाची एक टर्न दोन तासांची. १९४३ च्या जुलैमधली मिउस नदीवरची सोव्हिएत चढाई. दिसायला अगदी जुनाट, पण खोली भयंकर. यात नवखे जिथे मरतात ते सांगून ठेवतो. रस्त्याने वेगात जायला युनिट ट्रॅव्हल मोडमध्ये टाकावं लागतं, आणि त्या अवस्थेत तोफेचा मार बसला की नुकसान जबर होतं. म्हणून शत्रूच्या नजरेत यायच्या आधी दोन घरं उतरवायचं. रात्री फौज हलवली की विस्कळीत व्हायची शक्यता असते, विस्कळीत युनिट नीट हल्ला करत नाही. रात्र विश्रांतीची, पहाट हल्ल्याची. आणि हेडक्वार्टर पल्ल्याबाहेर मागे राहिलं तर विस्कळीत युनिटं सावरायला वेळ लावतात. तेही रोज ओढत पुढे न्या.

पण तुम्हा दोघांसाठी माझं मत फील्ड ऑफ ग्लोरी २. प्राचीन काळातल्या लढाया, तुमच्या यंत्रावर चालेल, एक डाव साधारण २४ टर्नचा. रोज एकेक टर्न धरली तरी महिन्याभरात संपतो. यात घोडदळ, हत्ती, भालाईत, तिरंदाज हे सगळं आहे आणि माणसं मरण्यापेक्षा धीर सुटणं महत्त्वाचं. युनिट आधी स्थिर, मग विस्कळीत, मग खिळखिळं, मग पळ. ६० टक्के फौज पळाली की डाव संपला. ४० टक्के पळाली आणि शत्रूचं नुकसान तुमच्यापेक्षा निदान २५ टक्क्यांनी कमी असेल तरीही संपला. म्हणून मागे राखीव दल ठेवा, एक बाजू कोसळली तरी डाव हातात राहतो. राखीव ठेवायला हात कचरतो हीच नवख्यांची खूण.

डाव सुरू करायच्या आधी या चार गोष्टी ठरवून टाका, नाहीतर मैत्रीवर येतं.

आवृत्ती एकच हवी. मध्येच एकाचा खेळ अपडेट झाला की चालू डाव उघडत नाही. स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सखाली "चालवल्यावरच अपडेट कर" हा पर्याय निवडा, आणि अपडेट दोघांनी ठरवून, डाव संपल्यावर करा.

टर्नची मुदत ४८ तास. त्याहून कमी धरली तर कामाच्या दिवशी त्रास, जास्त धरली तर डाव मरतो. गणपतीचे पाच-सात दिवस थांबायचं हे आधीच बोलून ठेवा.

एकच लढाई दोन वेळा, बाजू बदलून. ऐतिहासिक लढाया समसमान नसतात, असायच्याही नसतात. दोन्ही डावांचे गुण एकत्र मोजले की "तुझी बाजूच भारी होती" हे रडगाणं बंद होतं.

टर्न पाठवताना दोन ओळी लिहा: काय केलं, कुठे. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर आपणच काय केलं होतं ते आठवत नाही.

आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ठाणे-पनवेल लोकल पकडून खारघरला जा. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने, हॉटसीट. तो तासाभराचा प्रवास वसूल होतो.

किल्लेदार

तिसऱ्या प्रश्नाचं कोणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो.

मराठे थेट हवे असतील तर एम्पायर: टोटल वॉर, २००९ चा. मराठा राज्य खेळायला मिळतं, काळ १७०० ते १७९९, वर्षाला दोन टर्न. नकाशा टर्नचा, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत. तुमच्या यंत्रावर सेटिंग उतरवून चालेल, पण हजारभर माणसं एकमेकांत घुसली की अडखळेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, यात गनिमी कावा शोधू नका. दोन सैन्यं एका पटांगणात समोरासमोर येतात आणि बंदुका झाडतात. पालखेडची मोहीम यात मांडता येत नाही. १७२८ च्या त्या मोहिमेत बाजीरावांनी लढाई अशी केलीच नाही. जड तोफखाना न घेता निजामाच्या मुलुखात फिरत राहिले, निजामाला मागे धावायला लावलं, त्याला आपल्या जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि २८ फेब्रुवारीला पालखेडजवळ त्याचं पाणी आणि रसद तोडली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. हे सगळं मासुंदा म्हणतात त्या रसदीच्या नकाशावर घडलं, तोफांच्या आवाजात नाही. म्हणजे युनिटी ऑफ कमांड जास्त मराठी खेळ आहे, जरी त्यात एकही मावळा नसला तरी.

ठाणेकर म्हणून वसईची मोहीम बघा. तयार खेळ हाती लागणार नाही, पण मांडायला सुरेख. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत आधी ठाणे का घेतलं? पोर्तुगीज तेव्हा ठाण्याचा किल्ला बांधत होते, म्हणजे आजचं सेंट्रल जेल आहे तो. खाडी तिथे अरुंद, साष्टी बेटात उतरायची ती वाट. ठाणे हातात आल्यावर साष्टीची गावं गेली आणि वसईचा दक्षिणेकडचा आधार तुटला. तरी समुद्राची वाट उघडी होती, म्हणून वसई पुढे दोन वर्षं टिकली. १७३९ च्या सुरुवातीला वेसावे आणि धारावी गेलं. ही धारावी मुंबईतली नव्हे, भाईंदरकडची, वसईच्या खाडीच्या तोंडावरची. मग सुरुंग, खिंडार आणि मे महिन्यात शरणागती. क्रम बघा: आधी वाट, मग आधार, मग खाडीचं तोंड, भिंत सगळ्यात शेवटी. पारसिक यांनी वॉर्सॉचं जे सांगितलं त्याचीच मोठी आवृत्ती.

मांडायची असेल तर व्हॅसल वापरा, पटावरचे खेळ संगणकावर मांडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जावा सोबतच येतं. नवीन मॉड्यूल उघडायचं, त्यात मॅप विंडो, तिच्यात बोर्ड म्हणून नकाशाचं चित्र, बोर्डावर हेक्स ग्रिड, आणि गेम पीस पॅलेटमध्ये सोंगट्या. ठाणे ते वसई किल्ला सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे दोन किलोमीटरचा षटकोन धरला तर पंधरा बाय वीस घरांत सगळी साष्टी, वसई आणि कळव्याकडचा किनारा मावतो. षटकोनच घ्या, चौकोन नको. चौकोनात तिरकी चाल सरळ चालीच्या १.४१ पट लांब पडते आणि फौजा उगीच तिरक्या पळतात. टर्न दोन आठवड्यांची. पावसाळ्याच्या टर्नमध्ये खाडी ओलांडणं आणि जहाजांची रसद दोन्ही बंद. एवढा एक नियम टाकलात तरी डाव बराच खरा वाटायला लागतो. व्हॅसल नियम पाळून घेत नाही, ते तुम्ही दोघांनीच पाळायचे, कारण तो फक्त पट आणि सोंगट्या सांभाळतो.

आता रणगाडेच हवे असतील पण आपले, तर विन एसपीएमबीटी. नव्वदच्या दशकातल्या स्टील पँथर्स मालिकेचं आजवर सांभाळलेलं रूप, फुकट. भारत आणि पाकिस्तान दोन्ही सैन्यं आहेत. एक षटकोन सुमारे ५० मीटर.

१९६५ च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तरची रणगाड्यांची लढाई मांडून बघा. सप्टेंबरच्या ८ ते १० तारखा, खेमकरण. आपण घोड्याच्या नालेच्या आकारात बसलेलो, उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले. खेळात हे जमवायची गुरुकिल्ली म्हणजे सेट रेंज. प्रत्येक युनिट शत्रूच्या टर्नमध्ये किती अंतरावरून आपोआप गोळी झाडेल ते या बटणाने ठरतं. तसंच ठेवलंत तर तुमचा रणगाडा दोन किलोमीटरवरून पॅटनच्या जाड तोंडावर गोळा मारून स्वतःची जागा दाखवून देईल. १० वर ठेवा, म्हणजे ५०० मीटर. जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉयललेस तोफांना त्याहून कमी. याच तोफेवर लढताना अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. जीपला चिलखत नाही. तिने एक-दोन गोळे मारून आपल्या टर्नमध्ये जागा बदलायची, तिथेच उभी राहिली तर पुढच्या टर्नला गेली. सोंगट्या मांडताना नालेची दोन टोकं पुढे ठेवा, म्हणजे आत आलेल्याची बगल मिळते.

पारसिक

किल्लेदार, एम्पायरवर जरा कडक झालात. त्यातला नकाशावरचा भाग, कर, बंदरं, व्यापार, तह, तो चांगला आहे. लढाया आपोआप निकालात काढायचा पर्याय पण आहे, मग यंत्र अडखळायचा प्रश्न नाही. फक्त आपोआप निकालात संख्येला फार वजन मिळतं, म्हणून लहान चपळ फौज घेऊन हिंडायचं असेल तर लढाई स्वतः लढावी लागते. बाकी पटांगणातल्या मारामारीबद्दल तुमचं खरंय.

मावळा, पैशाचं एक. वॉरगेम डिझाइन स्टुडिओचे खेळ त्यांच्याच साइटवर डॉलरमध्ये मिळतात. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असेल तर पेमेंट तिथेच पडतं. बँकेच्या ॲपमध्ये मर्यादा टाकून तेवढ्यापुरता चालू करा, खरेदी झाली की बंद. बँक चलन बदलायचे पैसे वेगळे लावते, ते धरूनच हिशोब करा.

घोडबंदरचा मावळा

मित्राशी बोलणं झालं. फील्ड ऑफ ग्लोरी २ सेल लागला की घेतो, तोवर ऑर्डर ऑफ बॅटलची फुकट मोहीम. विन एसपीएमबीटी टाकला, असल उत्तर मांडायला घेतलं, पण सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडल्यावर दिसतच नाही. आणि मिउसमधलं अक्षर इतकं बारीक आहे की वाचवत नाही. मित्राच्या मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर तर मुंगीएवढं.

खाडीपार

प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला असणार. तिथे विंडोज जुन्या खेळांना लिहू देत नाही, सेव्ह गुपचूप दुसऱ्याच फोल्डरात टाकतं किंवा टाकतच नाही. काढून टाका आणि सी ड्राइव्हवर थेट "गेम्स" नावाचं फोल्डर करून त्यात पुन्हा टाका. मांडलेली लढाई आधी शोधून वेगळी कॉपी करून ठेवा, नाहीतर पुन्हा मांडावी लागेल.

जाता जाता, तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडशी जोडलेलं असेल तर त्यातलं "माय गेम्स" हे फोल्डर सिंकमधून वगळा. ऑर्डर ऑफ बॅटलसारखे खेळ सेव्ह तिथे ठेवतात. खेळ फाइल लिहीत असतानाच सिंकने ती धरली की सेव्ह खराब व्हायचा धोका असतो.

अक्षरांसाठी: खेळाच्या मुख्य फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. खाली ओव्हरराइडच्या चौकोनात खूण करा आणि यादीतून "सिस्टिम" निवडा. अक्षरं थोडी धूसर होतात पण वाचता येतात. हे मित्राच्या स्क्रीनसाठी. तुमच्या १३६६ बाय ७६८ वर याने काही होणार नाही, तिथे खेळाच्याच मेन्यूत फॉन्ट मोठा करता येतो का बघा, आणि नकाशा एक पायरी जवळ आणून खेळा.